पाण्याच्या टँकरमधलं लाल डिझेल

टेक्सासमध्ये रस्त्याच्या कामावर रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी सांगतात : हेल्मेट काढू नका, पाणी पीत राहा आणि नंबरप्लेट असलेल्या गाडीत लाल डिझेल भरू नका. पहिल्या दोन गोष्टींसाठी सेफ्टीवाला रोज ओरडतो. तिसरी एकदाच सांगतात.

मी तेव्हा हायवे रुंदीकरणाच्या एका साइटवर फील्ड इंजिनिअर होतो. मशिनरी आणि डिझेलचा हिशेब माझ्याकडे. एक्स्कॅव्हेटर, डोझर, रोलर, रात्रीच्या दिव्यांचे जनरेटर, सगळ्यांना डिझेल लाल. पारदर्शक बाटलीत घेतलं तर थेट कोकम सरबत. बाकी डिझेल तेच, सल्फरची मर्यादाही तीच, १५ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत पंधरा भाग. त्याने इंजिन बिघडत नाही. फरक फक्त कराचा. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या डिझेलवर केंद्र सरकार गॅलनमागे २४.४ सेंट घेतं आणि टेक्सास वर २० सेंट. तो पैसा मुख्यतः रस्त्यांसाठी. डोझर रस्ता झिजवत नाही, म्हणून त्याला हा कर नाही. (रस्ता बांधणारी मशीनं मात्र रस्त्याच्या कराला एक पैसा देत नाहीत. चालायचंच.)

आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं करायचे, त्यातलाच हा प्रकार. इथे तो १९९४ पासून पक्का झाला. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या बाजूला माफियाने कागदी कंपन्यांच्या साखळ्या लावून इंधनावरचा कर खाल्ला होता. गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा, सरकारला भरायची वेळ आली की कंपनी गायब. मग सरकारने कर थेट टर्मिनलवर, म्हणजे इंधनाच्या मोठ्या डेपोवर, टँकर भरतानाच घ्यायला सुरुवात केली आणि बिनकराच्या डिझेलात तिथेच रंग घालायला लावला.

ऑगस्टमधली सकाळ. दहा वाजायच्या आतच अंग भाजत होतं. साइट ऑफिससमोर एक साधी पांढरी गाडी थांबली आणि त्यातून हातात पेटी घेतलेला पन्नाशीचा एक माणूस उतरला. आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याचा, इंधन तपासणी अधिकारी. ओळखपत्र दाखवून म्हणाला, "प्लेट असलेल्या सगळ्या गाड्यांच्या टाक्या बघायच्या आहेत." त्याला नाही म्हणता येत नाही. टाकी बघू दिली नाही, तर नुसत्या नकाराचाच १००० डॉलर दंड.

पेटीत काय, तर लांब पारदर्शक नळी, छोटा हातपंप, लहान बाटल्या, लेबलं आणि सुती चिंध्या. टाकीचं झाकण उघडायचं, नळी तळापर्यंत सोडायची, दोन-तीन वेळा पंप दाबायचा आणि बाटली उन्हात धरायची. सुपरिंटेंडंटचा पिकअप स्वच्छ. क्रूच्या गाड्या स्वच्छ. मग आमची डिझेल वाटणारी गाडी. हिच्या मागच्या मोठ्या टाकीत शेकडो गॅलन लाल डिझेल, ते कायदेशीर. पण तिची स्वतःची, इंजिनाची टाकी बिनरंगाच्या डिझेलचीच हवी. ती तशी निघाली. मेकॅनिकने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

राहिला पाण्याचा टँकर. धूळ बसवायला आणि मातीची दबाई करायला दिवसभर साइटवर फिरायचा. अधिकाऱ्याने बाटली वर धरली. गुलाबी.

ड्रायव्हर मॉन्तेरेकडचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. तो शांतपणे म्हणाला, "इन्हे, ही गाडी बॅरिकेडच्या बाहेर जातच नाही." इकडचे मेक्सिकन कामगार इंजिनिअरला इन्हे म्हणतात. म्हातारा खोटं बोलत नव्हता. सुपरिंटेंडंटनेही तेच लावून धरलं : रस्ता अजून झालाच नाही, तर गाडी रस्त्यावर चालली कशी?

अधिकारी चिडला नाही. हे त्याने बहुतेक प्रत्येक साइटवर ऐकलं असणार. त्याने टँकरच्या मागे जाऊन नंबरप्लेटचा फोटो काढला. केंद्राचा नियम गाडी कुठे फिरली ते विचारतच नाही. हायवेसाठी नोंदलेली गाडी असेल तर तिच्या इंजिनाच्या टाकीत लाल डिझेल चालत नाही, मग ती वर्षभर चिखलात का फिरेना. त्याच टँकरवर पाण्याच्या पंपाला वेगळं इंजिन आणि वेगळी टाकी असती, तर तिच्यात लाल चाललं असतं. रेफ्रिजरेटेड ट्रकवाले तसंच करतात, थंडाव्याच्या यंत्राला लाल, ट्रकला बिनरंगाचं. आमचा पंप मुख्य इंजिनावरच चालायचा.

मग त्याने विचारलं, "हे लाल आहे, हे ड्रायव्हरला माहीत होतं?" हा प्रश्न साधा नव्हता. माहीत असणं किंवा माहीत असायला हवं होतं असं दिसणं, यावर दंड लागतो. वाटप गाडीच्या नोझलजवळ ठसठशीत स्टिकर होता : रंगीत डिझेल, फक्त करमुक्त वापरासाठी. त्याचाही फोटो निघाला.

झालं काय होतं, ते उघड होतं. ट्रकस्टॉप लांब, तिथे रांग, आणि टँकर तासभर नसला की धुळीच्या तक्रारी. वाटप गाडी शेजारीच उभी. साठेक गॅलन भरले. मी हिशेब केला तर वाचलेला कर २७ डॉलरसुद्धा नव्हता. दंड मात्र १००० डॉलर किंवा गॅलनमागे १० डॉलर, यातला जो जास्त तो. पुन्हा सापडलं की रक्कम वाढते.

अधिकारी बाटल्यांवर लेबलं लावत होता आणि मला मनमाड आठवत होतं. तिथे २०११च्या जानेवारीत इंधनातली भेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं होतं. हा माणूस एकटा आला होता, आमच्याच कूलरमधलं पाणी प्यायला आणि कागदावर सही घेऊन निघाला. जाताना सुपरिंटेंडंटने विचारलं, "हार्वेच्या वेळी तर सगळं चालत होतं ना?" अधिकारी हसला. २०१७च्या त्या वादळानंतर टेक्सासमध्ये इंधनाची टंचाई झाली, तेव्हा आयआरएसने रस्त्यावर लाल डिझेल वापरायचा दंड काही दिवस माफ केला होता, एवढं खरं. "दंड माफ होता, कर नव्हता," तो म्हणाला. तेव्हाही २४.४ सेंट भरावेच लागत होते.

दुपारी मेकॅनिकने टँकरची टाकी पिंपात रिकामी केली, फिल्टर बदलला आणि बिनरंगाच्या डिझेलने एकदा धुऊन घेतली, कारण थोडंसं लाल राहिलं तरी पुढची बाटली गुलाबी येते. पिंपातलं डिझेल संध्याकाळी रोलरमध्ये गेलं. त्यात बेकायदा काहीच नव्हतं.

ड्रायव्हरवर ठपका ठेवायचा विचार वरून आला होता. मी लेखी कळवलं की ट्रकस्टॉपला जायला त्याला वेळच दिलेला नव्हता. पुढच्या आठवड्यात ऑफिसमागे बिनरंगाच्या डिझेलची छोटी टाकी बसली. तिच्या कुलपाची एक किल्ली मेकॅनिककडे, दुसरी म्हाताऱ्याकडे. दंडाची नोटीस मात्र त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आली. तोवर टँकर दुसऱ्या साइटवर गेला होता आणि हा खर्च कोणत्या कामावर टाकायचा, यावर अकाउंट्सचे ईमेल सुरू झाले.