कड्यावरची मोजणी

लेझर स्कॅनर तिपाईवर चढवून कड्याकडे रोखला, की निम्मं काम यंत्रच करतं. आपण ओहोटीच्या वेळेवर आणि वरून सुटणाऱ्या मातीवर डोळा ठेवायचा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्फोकमध्ये हॅपिसबर्ग नावाचं गाव आहे, तिथे हिवाळी वादळं सरली की कडा किती ढासळला याची आमची मोजणी असते.

रत्नागिरीच्या जांभ्याच्या कड्यांवर वाढलेल्या मला इथल्या कड्याला कडा म्हणणं जडच गेलं. सहा ते दहा मीटर उंचीची नुसती चिकणमाती आणि वाळू, हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेली. बोटाने उकरता येते. पावसाचं पाणी वाळूतून झिरपत खाली जातं, मातीच्या थराशी अडतं आणि कड्याच्या तोंडातून बाहेर पडतं. पायथा लाटा पोखरतात. १९५३च्या सागरी महापुरानंतर इथे लाकूड आणि पोलादाचे धूपप्रतिबंधक बंधारे घातले होते. ते मोडले, तसा समुद्र आत आला. २००७ साली गावाने वर्गणी काढून बंधाऱ्यासाठी दगड विकत घेतले. आता पुळणीवर गंजलेल्या खांबांच्या रांगा तेवढ्या उरल्यात.

त्या दिवशी खालचं स्कॅनिंग उरकून वर संदर्भबिंदू, म्हणजे मोजणीच्या पक्क्या खुणा, तपासत होते. शेवटच्या घराच्या कुंपणातून एक आजोबा बाहेर आले. एका हातात सुताराचा टेप, दुसऱ्यात वही. वहीत तारखा आणि फुटांतले आकडे. स्वयंपाकघराच्या दारापासून कड्यापर्यंतचं अंतर, वर्षानुवर्षं स्वतः मोजलेलं.

"तुझं यंत्र काय म्हणतंय, पोरी?"

सांगावं की नाही, क्षणभर विचार केला. अहवाल आधी जिल्हा परिषदेकडे जातो. पण माणसाला त्याच्याच दारापासूनचं अंतर सांगायला परवानगी कसली मागायची? आकडा सांगितला. त्यांच्या टेपमध्ये आणि आमच्या लाखमोलाच्या यंत्रात वीतभराचा फरक निघाला. ते खूश झाले. त्यांना खूश झालेलं पाहून मलाच कसनुसं झालं.

मग चहा आला आणि आजोबा बोलू लागले. त्यांनी घर घेतलं तेव्हा सरकारी किनारा आराखड्यात गाव राखायचं असं लिहिलेलं होतं. २००४च्या नव्या मसुद्यात ते बदललं. किनारा आता नैसर्गिकपणे मागे हटू द्यायचा, असं ठरलं. "त्या वर्षी समुद्र कड्याखालीच होता. पण माझं घर त्याच वर्षी गेलं," ते म्हणाले. नकाशावर रेघ पडल्यावर घराला ना गिऱ्हाईक, ना बँकेचं कर्ज. घर जागच्या जागी उभं, किंमत मात्र शून्याकडे. आम्ही वर्षभरात गेलेल्या जमिनीचे घनमीटर मोजतो. आमच्या कोणत्याही तक्त्यात हा रकाना नाही, आणि तो असायला हवा असं मला त्या दिवसापासून वाटतं.

समुद्राने खाल्लेल्या घराची भरपाई इंग्लंडात मिळत नाही. किनारा राखणं सरकारच्या अधिकारात येतं, कर्तव्यात नाही. शिवाय खर्च आणि फायद्याचं गणित बसावं लागतं, आणि चार घरांसाठी ते बसत नाही. इथून वायव्येला काही किलोमीटरवर बॅक्टनचं गॅस टर्मिनल आहे. देशाच्या गॅसचा साधारण तिसरा हिस्सा तिथून येतो. तिथे मात्र गणित बसलं. २०१९ मध्ये १८ लाख घनमीटर वाळू किनाऱ्यावर ओतली गेली आणि शेजारची बॅक्टन-वॉलकट ही गावंही तिच्या आडोशाला आली. आजोबांचा त्यावर राग नव्हता. "हिवाळ्यात गॅस मलाही लागतो की," म्हणाले.

हॅपिसबर्गच्या वाट्यालाही एकदा थोडा पैसा आला. एका सरकारी प्रयोगातून जिल्हा परिषदेला ३० लाख पौंड मिळाले. त्यातून बीच रोडवरची अगदी काठावरची नऊ घरं विकत घेऊन पाडली. धोका नसता तर जी किंमत आली असती, तिच्यापेक्षा बरीच कमी किंमत मालकांना मिळाली. तरी शून्यापेक्षा बरी. आजोबांचं घर तेव्हा काठापासून लांब होतं, म्हणून यादीत नव्हतं.

याच धुपीने २०१३च्या मे महिन्यात पुळणीखालचा गाळाचा थर उघडा पाडला आणि त्यावर माणसांच्या पावलांचे ठसे निघाले. मोठ्यांचे आणि मुलांचेही, साडेआठ ते साडेनऊ लाख वर्षांपूर्वीचे. आफ्रिकेबाहेर इतके जुने ठसे तोवर कुठेच सापडले नव्हते. दोनेक आठवड्यांत लाटांनी तेही पुसले. आमच्या धंद्यातली माणसं ही गोष्ट डोळे चमकवून सांगतात, मीही सांगते. आजोबांसमोर सांगितली नाही. त्यांनीच काढली. "म्हणजे इथून उठून गेलेला मी पहिला नाही," म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

निघताना त्यांनी एक कागद पुढे केला. घर पाडण्याच्या खर्चाचा अंदाज. घर समुद्रात कोसळू देता येत नाही, आधी पाडावं लागतं आणि ते मालकाने. परिषद त्यासाठी अनुदान देते, जास्तीत जास्त ६,००० पौंड. कंत्राटदाराने त्याहून बरेच जास्त सांगितले होते. आजोबांनी जुन्या विटा आणि दारं-खिडक्या त्याला देऊ करून घासाघीस चालवली होती. "त्याला सांग ना, अजून दोन हिवाळे तरी निघतील," ते म्हणाले. "घाई आहे असं वाटलं तर तो भाव उतरवणार नाही."