झाडं कुणीकडं पडली?

कागदोपत्री माझ्या पदाचं नाव बदललं, पण बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या गावांना मी अजून तलाठीच. एप्रिलच्या अखेरीस एका संध्याकाळी त्यातल्या एका गावात वळीव झाला. गारा, आणि मोजून दहा मिनिटांचा वारा. रात्रीच तिथल्या पोरांच्या स्टेटसवर ‘गावात टोर्नाडो’ झळकला होता. सकाळी पंचनाम्याला गेलो.

गाडी स्टँडवर लावतोय तोवर एकानं मोबाईल पुढं केला. शाळेच्या मैदानात धुळीचा उंच खांब, त्यात पाला नि कागद गरगरतायत. “हाच आला सर!” मी व्हिडिओतली जमीन बघितली. पोराची स्वतःची सावली पायाशी, वर निळंभोर आभाळ.

“कितीला काढलास?”

“दोनला. पाऊस मागनं आला.”

म्हणजे वावटळ. ती तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला ढग लागत नाही. टोर्नाडोला वर गडगडाटी ढग हवाच. भोवरा त्या ढगाला जोडलेला आणि खाली जमिनीला टेकलेला असतो. ढगातून लोंबणारी सोंड दिसलीच पाहिजे असंही नाही. कधी नुसती खालची धूळ तेवढी फिरताना दिसते.

कट्ट्यावरच्या एका तात्यांनी विचारलं, “मग तौक्ते आलं हुतं ते?” ते २०२१ च्या मे महिन्यातलं चक्रीवादळ. त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा, मुक्काम दिवसांचा. टोर्नाडोची रुंदी बहुतेक वेळा काही शे मीटरच्या आत, आयुष्य काही मिनिटांचं. तात्यांचं पुढचं म्हणणं, आपल्या देशात ते होतच नाही. तसं नाही. १७ मार्च १९७८ ला खुद्द दिल्लीत झाला होता. शेजारी बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ च्या टोर्नाडोत सुमारे १,३०० माणसं गेली.

पंचनामा मात्र मला कन्नडात लिहायचा होता. तिथं ‘सुंटरगाळी’ म्हटलं की वावटळही आली आणि टोर्नाडोही. म्हणून शब्द लिहायच्या आधी काजूच्या बागेत शिरलो.

एम.ए.ला भूगोल होता, त्यातलं एक डोक्यात राहिलंय. टोर्नाडोची प्रतवारी १९७१ मध्ये मांडणारे हवामानशास्त्रज्ञ फुजिता १९४५ मध्ये हिरोशिमा-नागासाकीची पडझड बघायला गेले होते. स्फोटाच्या खालून झाडं चहूबाजूंना बाहेर पडलेली त्यांनी तिथं बघितली. तोच नमुना पुढं अमेरिकेत वादळानंतर विमानातून दिसला आणि त्यांनी ओळखलं, की हा फिरणारा वारा नव्हे, ढगातून कोसळून जमिनीवर पसरलेला वारा आहे. पाऊस-गारांनी थंड झालेली हवा जड होते आणि धपकन खाली येते. तिचा वेगही कधी ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो, त्यामुळं नुसत्या नासधुशीवरून फसायला होतं. झाडं कुणीकडं पडली ते बघायचं. पंख्यासारखी बाहेर पसरली तर कोसळता वारा. एकमेकांवर तिरकी, आतल्या अंगाला ओढल्यासारखी पडली तर भोवरा.

मोबाईलचं होकायंत्र लावून ४१ झाडं फिरलो. सगळी पूर्वेकडं, कडेची थोडी ईशान्येला, थोडी आग्नेयेला. कोसळता वारा, असं ठरवतोय तोच रस्त्याकडेची दोन झाडं सरळ पश्चिमेला डोकं करून पडलेली. काळजात धस्स झालं म्हणा, की आनंद झाला म्हणा. मी ‘सुंटरगाळी’ लिहूनही टाकलं. मागनं बागेची मालकीण आजी आली.

“ती दोन कशाला मोजतोस बाळा? ती जेसीबीनं ढकलल्यात पहाटे. रस्ता अडला हुता.”

वाकून बघितलं तर बुंध्यावर बकेटच्या दातांचे ओरखडे, सालीतून चीक गळतोय. शब्दावर रेघ ओढली नि ‘बिरुगाळी’, म्हणजे सोसाट्याचा वारा, असं लिहिलं. पोराचा चेहरा पडला. टोर्नाडो लिहिला तर जास्त भरपाई मिळते म्हणे. मी फॉर्मच दाखवला त्याला: पत्रे किती, भिंत किती. वारा कसा फिरला हे विचारणारा रकानाच नाही.

मग गोठा. पत्रे उडून शेजारच्या फणसाला गुंडाळलेले. आजीला कुणीतरी सांगितलेलं, की वादळात खिडक्या उघड्या ठेवाव्यात म्हणजे आतला दाब बाहेर जातो नि छप्पर वाचतं. टोर्नाडोबद्दल जगभर हेच सांगत आले, आणि ते चूक आहे. फटींतून हवा तशीही ये-जा करते. उघड्या बाजूनं वारा आत शिरला की छपराला खालून रेटतो, वरून ओढ असतेच.

“म्हणून आजी, दारं-खिडक्या लावायच्या नि भिंतीच्या आतल्या खोलीत बसायचं.”

“आणि गोठ्याला दार हाय कुठं?”

खरंच नव्हतं. तोंड पश्चिमेला, सताड उघडं. बांधावरून शेजारचं घर दिसत होतं, दार लावलेलं, कौलं चार-दोनच सरकलेली. मी पत्रे मोजायला लागलो. १४ भरले, पंधरावा ओढ्यात सापडला, तो आजीनं लिहू दिला नाही. म्हणाली, तो आधीच गंजलेला होता.