वेळ टॅपमध्ये जात नाही
आज ऑफिसात दिवसभर कॉगटूल घेऊन बसले होते, कार्नेगी मेलनमध्ये बनलेलं जुनं टूल, आत अ‍ॅक्ट-आर नावाचं माणसाच्या विचार करण्याचं मॉडेल चालतं. अ‍ॅपच्या स्क्रीन्स द्यायच्या, कुठे टॅप करायचं ते एकदा दाखवायचं, की सरावलेल्या माणसाला ते काम करायला किती सेकंद लागतील ते सांगतं, नजर कधी फिरली, विचार कधी केला, बोट कधी हललं सगळं टाइमलाइनवर दिसतं.

आम्ही वीजबिल भरायचा फ्लो टाकला. वेळ टॅप करण्यात जातच नाही हो, जातो तो "आता काय करायचं" या थांबण्यात! कार्ड, मोरन आणि नेवेल या संशोधकांनी १९८० सालीच असा एक विचार साधारण १.३५ सेकंदांचा धरला होता, आणि सरासरी सराव असलेल्या टायपिस्टला एक की दाबायला फक्त ०.२. आमचा एक कन्फर्म पॉपअप असाच उगाच थांबवत होता, तो काढतोय.

पण या मॉडेलमधला माणूस चुकत नाही, घाबरत नाही. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलेली, परत आल्यावर कोरी स्क्रीन बघून फोन शेजारच्या मुलाच्या हातात देणारी माझी आई त्यात कुठेच नाहीये. टीमला सांगितलंय, आकडे वापरा, पण रिलीजआधी साठीच्या पुढची चार-पाच माणसं समोर बसवा आणि त्यांना मध्ये काही सुचवू नका.