जुडी, गड्डा, पाकळी

शनिवार रात्र, लियों, फ्रान्स

फ्रेंचच्या क्लासच्या वहीत भाज्यांची लांबलचक यादी आहे. कारोत, पोआरो, ओबेर्जीन, पॉम द तेर. यादी पाठ होते, पण नुसत्या यादीवर बाजार होत नाही. सोन नदीच्या काठावर सँ-आंत्वानचा बाजार भरतो, सोमवार सोडून रोज. आज तिथे भाजीवाल्यासमोर रांगेत उभी असताना पुढच्या आजींचं बोलणं लक्ष देऊन ऐकलं. ‘युन बोत द रादी. युन लीव्र द कारोत.’ मुळ्याची जुडी, अर्धा किलो गाजर. मेट्रिक मापं 1795 साली ज्या देशाने कायद्यात आणली, तिथले लोक बाजारात अजून जुनं ‘लीव्र’च म्हणतात आणि विक्रेता बिनचूक 500 ग्रॅम तोलतो! पाव किलो हवं असेल तर ‘द्मी-लीव्र’. प्रत्येक वस्तू पिशवीत पडली की तो विचारतो, ‘ए आवेक ससी?’ म्हणजे आणखी काय देऊ. संपलं असेल तर ‘स स्रा तू, मेर्सी’ म्हणायचं.

घरी येऊन वहीचं नवं पान काढलं आणि त्यावर फक्त मापं लिहिली. बोत म्हणजे जुडी. तेत म्हणजे लसणाचा गड्डा, गूस म्हणजे त्याची पाकळी. ब्रँ म्हणजे काडी, पँसे म्हणजे चिमूट, प्वान्ये म्हणजे मूठ, त्राँश म्हणजे काप. आपल्याला हे किती सोपं जातं! आई ‘चिमूटभर हिंग, मूठभर कोथिंबीर’ अशीच पाककृती सांगते. इथल्या पाककृतीतही तेच असतं, ‘त्र्वा गूस दाय’, लसणाच्या तीन पाकळ्या. व्हॅनिलाच्या शेंगेलाही गूसच म्हणतात, मटारच्या शेंगेला मात्र कॉस. मला मनापासून वाटतं, नव्याने शिकणाऱ्याने भाज्यांच्या आधी ही मापं शिकावीत. वस्तूकडे बोट दाखवता येतं, जुडीकडे आणि चिमटीकडे नाही.

दुसरी गोष्ट व्याकरणाची, पण ताटातली. ‘पँ’ म्हणजे पाव एवढं कळून भागत नाही. मी पाव खाते, तर ‘ज मांज द्यु पँ’. सूप घेते, तर ‘द ला सूप’. पाणी, तर ‘द लो’. जे मोजून सांगितलं नाही, त्याच्याआधी हे ‘थोडंसं’ लावावंच लागतं. पण मला पाव आवडतो म्हणायचं, तर ‘जेम ल पँ’, कारण तेव्हा जगातला सगळाच पाव आला. आणि नकार आला की सगळ्यांचं मिळून एकच ‘द’ उरतं. ‘पा द व्यांद’, मांस नको. शाकाहारी माणसाने हे तीन शब्द इथे उतरल्याबरोबर शिकावेत. लियोंच्या छोट्या खानावळींना बुशों म्हणतात. तिथल्या पाटीवर ‘सालाद लियोनेझ’ हमखास असतं आणि नाव सालाद असलं तरी पाल्यावर अर्धवट शिजलेलं अंडं नि डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे असतात. त्या तुकड्यांना लार्दों म्हणतात. म्हणून ‘सां लार्दों’, लार्दोंशिवाय, हेही वहीत वर लिहून ठेवलंय.

जेवणांच्या नावांचा घोळ वेगळाच. इथे दुपारचं देज्युने, रात्रीचं दिने. बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि कॅनडातल्या केबेकमध्ये दिने दुपारी होतं आणि रात्री सूपे. आमच्या वर्गात केबेकला जायची तयारी करणारी एक मुलगी आहे, ती दोन्ही कोष्टकं शेजारी शेजारी लिहून पाठ करते.

कणकेचा शोध आता संपला. फारीन म्हणजे पीठ. त्याच्या पुड्यांवर टी-45, टी-55, टी-110, टी-150 असे आकडे असतात. पीठ जाळल्यावर मागे किती राख उरते, त्यावरून ते ठरतात. आकडा वाढला की कोंडा जास्त. टी-55 म्हणजे आपला मैदा धरायचा, टी-150 पूर्ण गव्हाचं. पोळ्यांना मी टी-110 घेते, लाटताना कडा फाटत नाहीत. मसूर डाळ ‘लांतिय कोराय’ या नावाने मिळते, बेसन ‘फारीन द प्वा शीश’.

आता चीजकडे वळायचंय. आज सँ-मार्सेलँ घेतलं, तळहातावर मावेल एवढं गोल, गाईच्या दुधाचं. चीजवालीने आधी विचारलं, आज रात्री खाणार की दोन दिवसांनी? आज म्हटल्यावर तिने चार-पाच चीज बोटांनी हलके दाबून पाहिली आणि त्यातलं मधलं दिलं. ताजं म्हणजे फ्रे, मुरलेलं म्हणजे आफिने, आतून वाहतं झालेलं म्हणजे कुलां. रात्री उघडलं तर वाहत होतं. पावाला लावून खाल्लं, वर मिरपूड.