10 चे 40 केले, आता पुढे?

झोपेच्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर 10 चे 40 करायला पेनाच्या दोन रेघा पुरतात. प्रकरण पोलिसांत गेलं की घरचे विचारतात, एवढ्याशा खाडाखोडीला गुन्हा कसला? उत्तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 335 मध्ये आहे. तयार झालेल्या दस्तऐवजातला महत्त्वाचा भाग अधिकार नसताना, अप्रामाणिकपणे किंवा फसवायच्या इराद्याने बदलला, की तो खोटा दस्तऐवज. नावाचं स्पेलिंग दुरुस्त करणं यात येत नाही. गोळ्यांची संख्या, तारीख, मिलिग्रॅम हे सगळं येतं.

एफआयआरची प्रत हातात आली की आधी कलमं वाचा. नुसतं 336(2), म्हणजे साधी फॉर्जरी (बनावट दस्तऐवज करणं), असेल तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत; गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. पण केमिस्टला फसवण्यासाठी केलं असं धरून 336(3) लावलं, की सात वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. जोडीला बहुधा फसवणुकीचं 318(4) आणि खोटा कागद वापरल्याचं 340(2) असतंच. चिठ्ठी केईएम, सायनसारख्या पालिका रुग्णालयातली असेल तर लोकसेवकाचा दस्तऐवज म्हणून 337 ही लावू पाहतात. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर कलमं जुन्या आयपीसीची, म्हणजे भारतीय दंड संहितेची.

हे उघडकीस येतं कसं? अल्प्राझोलम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही शेड्यूल एच1 ची औषधं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणारी आणि विक्रीची नोंद ठेवावी लागणारी. केमिस्टला डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. औषध दिल्यावर दुकानाचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर टाकायची, हाही नियम. त्यामुळे दादरला शिक्का बसलेली चिठ्ठी घाटकोपरला पुन्हा चालत नाही. शिक्का खोडलेला दिसला की काउंटरवरचा माणूस डॉक्टरला फोन लावतो.

खरा धोका मात्र एनडीपीएसचा, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचा. अल्प्राझोलम त्या कायद्यात येतं. स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी 100 डोसपर्यंत जवळ ठेवता येतात. डॉक्टरने दीर्घ उपचारासाठी तसं खास लिहून दिलं असेल तर 300 पर्यंत. चिठ्ठीच खोटी निघाली तर या सवलतीचा आधार डळमळतो. अल्प्राझोलमची ‘अल्प मात्रा’, म्हणजे कमी शिक्षेची मर्यादा, 5 ग्रॅम. शुद्ध औषध मोजलं तर 0.5 मिलिग्रॅमच्या दहा हजार गोळ्या लागतील. पण 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मिश्रणाचं, म्हणजे अख्ख्या गोळीचं, सगळं वजन धरतात. गोळी 100 मिलिग्रॅमची धरली तर पन्नासातच 5 ग्रॅम भरतात. मुंबईत अशा झोपेच्या गोळ्या नशेसाठी ‘बटन’ म्हणून विकल्या जातात, त्यामुळे पोलीस रुग्णाकडेही आधी संशयानेच बघतात.

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सहसा अटकेऐवजी बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) 35(3) खाली पोलिसांपुढे हजर राहायची नोटीस येते. ती टाळू नका. दिलेल्या तारखेला हजर राहा आणि हजर झाल्याची पोच घ्या. गैरहजेरी हेच अटकेचं कारण होतं. हस्ताक्षराचा नमुना द्यायचा आदेश मॅजिस्ट्रेट त्याच संहितेच्या 349 खाली देऊ शकतात आणि ‘स्वतःविरुद्ध साक्ष’ ही सबब तिथे चालत नाही. हे 1961 पासून ठरलेलं आहे. मुद्दाम वाकडं लिहून उपयोग नाही, बँकेचे आणि ऑफिसचे जुने कागद तुलनेला मागवतात.

बचावाचे दोन मुद्दे बहुतेकदा कामाला येतात. एक, बदल कोणी केला? डॉक्टरही घाईत आकडा गिरवतात, आणि इन्फ्रारेडखाली दोन शाया वेगळ्या दिसू शकतात, म्हणून मूळ चिठ्ठी सीलबंद करून तपासणीला गेली का, पंचनाम्यात तिचं वर्णन आहे का ते बघा. नुसत्या झेरॉक्सवर शाईचं मत टिकत नाही. दोन, दुसऱ्याची चिठ्ठी घेऊन औषध आणायला गेलेल्यावर 340(2) लावायचं तर ती खोटी आहे हे त्याला माहीत होतं, किंवा तसं मानायला त्याच्याकडे कारण होतं, हे सिद्ध व्हावं लागतं.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेचं पत्र आणणं. एका खोट्या कागदाचे दोन होतात आणि डॉक्टरही आरोपी होतो. केमिस्टशी मिटवून घेतलं तरी फॉर्जरी आपसांत मिटत नाही. गुन्हा रद्द करून घ्यायला बीएनएसएसच्या 528 खाली उच्च न्यायालयातच जावं लागतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आणि अटकेची भीती असेल तर बीएनएसएसच्या 482 चा अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात नोटिशीच्या तारखेआधी दाखल व्हायला हवा.