पाळणाघर की घरी मावशी: खरा हिशोब असा मांडला

पाळणाघराची फी आणि मावशींचा पगार एवढेच दोन आकडे समोर ठेवले तर निर्णय चुकतो. म्हणून मी तासाचा खर्च काढला, तोही मूल सांभाळलं गेलं आणि आपल्याला कामावर बसता आलं, तेवढ्याच तासांचा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या भागातले घालून बघा.

पाळणाघराची फी 9,000, रोज 10 तास, 22 दिवस. कागदावर तासाला 41 रुपये. प्रवेश फी 6,000, ती बारा महिन्यांत वाटली की 500. जेवणाचे 1,500, रिक्षाचे 1,320. न्यायला उशीर झाला की अर्ध्या तासाला 100 रुपये जादा. महिन्यात आठदा झाला तर 800. बेरीज 13,120.

सगळ्यात मोठी रक्कम पावतीवर नसतेच. तापलेलं मूल पाळणाघर घेत नाही, आणि ते योग्यच आहे. पहिल्या वर्षी सर्दी-ताप वरचेवर होतो, हक्काच्या रजा संपतात. पगार 44,000 असेल तर बिनपगारी दिवस 2,000 ला पडतो. असे दोन दिवस म्हणजे 4,000, शिवाय त्या दिवसांची फी परत मिळत नाही. आता 17,120 भागिले उरलेल्या 20 दिवसांचे 200 तास: तासाला 86 रुपये. हा खर्च एकट्या आईच्या पगारातून वजा करण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. बाबांच्या रजाही याच हिशोबात धरायच्या.

मावशींचा पगार 15,000, वेळ 9 तास. दिवाळीला एक पगार बोनस आणि एजन्सीचं एका पगाराएवढं कमिशन, मिळून महिन्याला 2,500. चहा-जेवण 1,500, दोन खाड्यांचे 4,000. म्हणजे 23,000, 20 दिवसांचे 180 तास धरले तर तासाला 128. मावशी सहा महिन्यांत सोडून गेल्या तर कमिशन पुन्हा भरावं लागतं, म्हणून बदली माणूस किती दिवसांत आणि फुकट देणार का, हे एजन्सीकडून लिहून घ्यावं.

दुसरं मूल आलं की चित्र उलटतं. पाळणाघराची फी दुप्पट होऊन एकूण खर्च 28,000 च्या पुढे जातो. मावशींना 18,000 दिले तरी सगळं मिळून 26,500.

आजी-आजोबांपुढे शून्य लिहू नका. दीड-दोन वर्षांचं मूल दिवसभर उचलून गुडघे धरतात. निदान अर्धवेळ मदतनिसाचा पगार तिथे मांडा.

मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या नियमानुसार 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चारदा मुलाला भेटता येतं. तेव्हा फी भरण्याआधी ऑफिसात विचारा, आणि पाळणाघराकडून दिवाळी-मे महिन्यातल्या सुट्ट्यांची यादी, नोटिशीची मुदत आणि अनामत परत मिळण्याची अट कागदावर घ्या.