भाषेची परीक्षा असू दे, पण अर्ध्या बँडवर ॲडमिशन अडवू नका

परदेशात शिकायला जायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो इंग्रजीची कुठली परीक्षा देऊ, आयेल्ट्स की टोफेल, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, की हे मुळात द्यायचंच कशाला, मार्कशीट आहे, एसओपी, म्हणजे का शिकायचंय ते सांगणारा निबंध, लिहून झालंय, प्रोफेसरशी ईमेलवर बोलणंही झालंय, मग अजून भाषा काय तपासायची राहिली? मी मुलांची स्पीकिंगची प्रॅक्टिस घेते त्यामुळे हे सारखं कानावर पडतं. माझं मत सांगते, परीक्षा असावी. ज्याची मातृभाषा वेगळी आहे त्याने ती द्यावी, त्यात कमीपणा अजिबात नाही.

"तिथे गेलं की भाषा आपोआप येते" असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे, पण जी येते ती दुकानातली, बसमधली भाषा. लेक्चर पहिल्याच आठवड्यात सुरू होतात, ती कुणासाठी थांबत नाहीत. ग्रुप असाइनमेंटमध्ये बाकीचे भराभर बोलत असतात, आपण मनात वाक्य जुळवतोय तोवर विषय पुढे गेलेला असतो. मग मुलं गप्प बसायला लागतात आणि समोरच्यांना वाटतं याला विषयच कळत नाही. एवढी फी भरून कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून आधीच कळलेलं बरं.

माझं भांडण आहे ते कटऑफशी. आयेल्ट्सचा ओव्हरऑल कसा काढतात बघा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चार सेक्शनच्या बँडची, म्हणजे गुणांची, सरासरी, आणि ती जवळच्या अर्ध्या बँडला नेतात. एकीला 6.5, 6.5, 6, 6 मिळाले तर सरासरी 6.25, ती वर जाऊन होते 6.5. दुसरीला 6.5, 6, 6, 6 मिळाले तर सरासरी 6.125, ती खाली येऊन होते 6. दोघींमध्ये फरक एकाच सेक्शनमधल्या अर्ध्या बँडचा, पण कॉलेजचा कटऑफ 6.5 असेल तर एक आत आणि दुसरी बाहेर! त्या दिवशी घसा बसला असेल, निबंधाचा विषय डोक्यात शिरला नसेल, एवढ्यानेही अर्धा बँड जातो हो.

आणि स्पीकिंगमध्ये तर स्वभावही मध्ये येतो. क्यू कार्ड, म्हणजे विषय लिहिलेलं कार्ड, हातात देतात, एक मिनिट विचार करायला आणि मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. माझ्याकडे एक मुलगी यायची, आवडत्या जागेबद्दल बोल म्हटलं की चार वाक्यांत संपायचं, पण तिच्या लॅबमधल्या प्रयोगाबद्दल विचारलं की थांबवावं लागायचं, तेही सगळं इंग्रजीत. शिकायला ती प्रयोगच करायला जाणार होती ना?

परीक्षेतून सूट कुणाला द्यायची यातही गडबड आहे. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाच्या नियमांत सूट मिळणाऱ्या इंग्रजीभाषक देशांची यादी आहे, त्यात जमैका आहे पण नायजेरिया नाही, आणि नायजेरियाची तर अधिकृत भाषाच इंग्रजी. तिथल्या मुलाने आधीची डिग्री इंग्रजीत केली असेल तर ती दाखवून सुटता येतं, पण नुसत्या पासपोर्टवर नाही. मला वाटतं सूट द्यायचीच तर सगळ्यांनाच शिक्षणाच्या माध्यमावरून द्या, पासपोर्ट मध्ये आणू नका.

कॉलेजांनी स्कोअर सेक्शनवाइज वाचावा असं मला फार वाटतं. रायटिंगमध्ये कमी असेल तर ॲडमिशन द्या आणि पहिल्या सेमिस्टरला रायटिंगचा क्लास लावा. बऱ्याच युनिव्हर्सिटींमध्ये कोर्स सुरू व्हायच्या आधी काही आठवड्यांचा इंग्रजीचा प्री-सेशनल कोर्स असतो, थोडक्यात हुकलेल्यांना त्यातून घेतातही, पण बऱ्याच मुलांना हे माहीतच नसतं, अर्ज नाकारला गेला की संपलं असं धरून बसतात.

म्हणून अर्ज करताना ॲडमिशन ऑफिसला नुसता कटऑफ विचारू नका. प्रत्येक सेक्शनला किमान किती लागतो, प्री-सेशनल चालतो का, आणि आयेल्ट्सचा एकच सेक्शन पुन्हा देता येतो तो वन स्किल रिटेक ते धरतात का, हेही विचारा, कारण सगळीकडे तो धरत नाहीत. स्कोअर साधारण दोन वर्षंच चालतो, तेव्हा उगाच फार आधी देऊन ठेवू नका.